बारक्यांना हात लावू नये

ज्या बाईच्या शेजारी बसून मी अर्धं आयुष्य काढलं, ती बाई स्वतः काही कधी धड बसली नाही. बसलीच तर पाय हलायचा. आमचं दोघींचं टेबल एकच, काळ्या दगडाचं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिचा पाय टेबलाच्या दांडीवर टकटक करायला लागला की माझ्या हातातल्या पिपेटचं टोक थरथरायचं आणि थेंब नळीत पडायचा तो नळीच्या काठाला चिकटायचा. मी सांगून थकले. गोडीनं सांगितलं, खेकसून सांगितलं, एकदा तर तिचं लक्ष नसताना तिची चप्पल चिकटपट्टीनं दांडीला बांधून टाकली. तिनं चप्पल तिथेच सोडली आणि तशीच अनवाणी फ्रीजपर्यंत जाऊन आली. वर मलाच विचारते, हसतेस काय?

सगळी प्रयोगशाळा तिला भिंगरी म्हणते आणि मला ठोकळा. दोन्ही नावं सरांनी ठेवली. मला त्यात काही वाईट वाटत नाही. एका जागी बसून काम करणं हा गुण आहे असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. एखाद्या प्राण्याच्या अंगातलं एखादं प्रथिन आपल्याला हवं असतं, पण त्या प्राण्यात ते नखभरच मिळतं. मग त्या प्रथिनाची कृती, म्हणजे त्याचा जीन, डीएनएच्या एका इवल्याशा गोल कड्यात बसवायचा. या कड्याला प्लाझ्मिड म्हणतात. ते जीवाणूंच्या पोटात सरकवलं की जीवाणू स्वतःबरोबर त्याच्याही प्रती काढत बसतात. ते पुरेसे वाढले की आपण बटण दाबायचं, म्हणजे त्यांच्या पाण्यात एक ठरावीक पूड टाकायची. मग ते बिचारे आपलं काम सोडून परक्याचं प्रथिन बनवायला लागतात.

आता लाखो जीवाणूंत कडं फार थोड्यांच्याच पोटात जातं. त्यांना ओळखायचं कसं? तर कड्यात एक दुसरा जीन आधीपासून घातलेला असतो, जंतुनाशकापासून वाचवणारा. काचेच्या प्लेटमध्ये घट्ट खळीचा थर ओतायचा, त्यात जंतुनाशक मिसळायचं आणि वर जीवाणू पसरून उबेला ठेवायचे. कडं असेल तो जगेल, नसेल तो मरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर पांढरे ठिपके उमटलेले असतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जीवाणूचं आख्खं खानदान. त्याला कॉलनी म्हणायचं. त्यातली एक काडीनं उचलायची, वाढवायची आणि पुढचं काम करायचं.

म्हणजे या धंद्यात निम्मा वेळ वाट बघण्यातच जातो. आणि हा धंदा निवडला कुणी, तर भिंगरीनं!

प्लेटा उबेला ठेवल्या की तिचा जीव टांगणीला. घटकाभर झाली की ही उठलीच. इन्क्युबेटरचं, म्हणजे त्या उबेच्या कपाटाचं, दार उघडायचं, प्लेट उजेडाकडे धरायची, तिरकी करायची, परत ठेवायची. सर वैतागायचे. बाई, तुम्ही बघितल्यानं त्या वाढत नाहीत, असं त्यांनी किती वेळा सांगितलं असेल. ती मान डोलवायची आणि सरांची पाठ वळली की पुन्हा दार उघडायची. त्या दाराला एक पिवळी पडलेली पट्टी चिकटवलेली होती, आणि ते दार आमच्यात सगळ्यात जास्त तिनंच उघडलं असल्यामुळे ती पट्टीही तिनंच सगळ्यात जास्त वाचली असणार. पट्टीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘बारक्यांना हात लावू नये.’ अक्षर अप्पांचं.

अप्पा म्हणजे तिचे वडील. आमच्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. आम्ही दोघी नव्यानं इथे लागलो तेव्हा आम्हाला हाताला धरून शिकवलं ते अप्पांनी. मुलगी म्हणून तिला जरा जास्तच रागावायचे. तेव्हा सगळं काम अँपिसिलिन या जंतुनाशकावर चालायचं. त्याची एक खोड आहे. कडं पोटात असलेली कॉलनी वाढता वाढता आपल्या आजूबाजूचं अँपिसिलिन पार खलास करून टाकते. मग तिच्या आसऱ्यानं, तिच्याभोवती गोल करून, उशिरा बारीक बारीक कॉलन्या उगवतात. त्यांच्याकडे कडंबिडं काही नसतं. अप्पा त्यांना फुकटे म्हणायचे. नवखी माणसं नेमकी एखादी फुकटी उचलायची आणि आठवडा वाया घालवायची. म्हणून ती पट्टी. टपोरी उचला, बारकीला शिवू नका, आणि प्लेट वेळेवर बाहेर काढून टाकून द्या, फुकट्यांना डोकं वर काढायला वेळच देऊ नका. अप्पांचा हा नियम आमच्या हातात इतका मुरला होता की डोळे मिटून आम्ही टपोरी कॉलनी उचलली असती.

मग एका सकाळी अप्पांची उजवी बाजू गेली. वाचले, आणि डॉक्टर म्हणाले त्याप्रमाणे काठी घेऊन चालायलाही लागले. पण चालायचे ते पलंगापासून खिडकीतल्या खुर्चीपर्यंत, आणि खुर्चीपासून पलंगापर्यंत. दोन्ही हातांत काचेचे भलेमोठे चंबू घेऊन जिने चढणारा माणूस. आपला वाकडा पाय आणि लुळा पडलेला हात जगाला दाखवायचा नाही असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. जिना उतरून खाली गेले नाहीत. शेवटी भिंगरीच्या वहिनीनं त्यांचे बूट कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. भाऊ नोकरीसाठी परगावी, त्यामुळे घरात या दोघी आणि खुर्चीतले अप्पा.

भिंगरी आधीही चुळबुळीच होती, पण त्यानंतर तिनं ताळच सोडला. उभ्यानं जेवायची. बसमध्ये जागा मिळाली तरी दांडी धरून उभी. एकदा मी तिला खांदे धरून स्टुलावर दाबून बसवलं आणि विचारलं, बाई गं, तुला झालंय तरी काय? ती म्हणाली, “मी बसले ना, की वाटतं आता उठताच येणार नाही.” एवढं बोलली आणि उठून गेली. त्यानंतर मी तिच्या पायाला बोलले नाही. म्हणजे, कमी बोलले.

याच सुमाराला सरांनी गांडुळाचं काम आणलं. कुठल्याशा गांडुळाच्या अंगात एक प्रथिन असतं, ते जीवाणूंच्या कातडीला भोकं पाडून त्यांना मारतं. सरांना त्याचा आकार शोधायचा होता आणि त्यासाठी ते भरपूर हवं होतं. काम भिंगरीला मिळालं. मी ऐकलं तेव्हाच कपाळाला हात लावला. जीवाणूंना मारणारं प्रथिन, आणि ते बनवून घ्यायचं कुणाकडून, तर जीवाणूंकडूनच! सर म्हणाले, म्हणूनच तर नवं कडं आणलंय, याचं बटण पक्कं आहे, दाबेपर्यंत प्रथिन बनणार नाही. नव्या कड्यावर अँपिसिलिनच्या जागी कॅनामायसिन या दुसऱ्या जंतुनाशकापासून वाचवणारा जीन होता. आम्ही बाटल्यांवरची लेबलं बदलली आणि कामाला लागलो.

प्लेटवर कॉलन्या भराभर आल्या. कशा गुबगुबीत, चकचकीत! भिंगरी खूश. तिनं टपोऱ्या टपोऱ्या उचलल्या, वाढवल्या, बटण दाबलं, आणि प्रथिन काही आलं नाही. कडं तपासलं, जीन आत बसलेला. मग त्याची डीएनएची अक्षरं बाहेरून वाचून आणली तेव्हा कळलं की जीनमधलं एक अक्षर गळालंय, म्हणजे पुढची सगळी कृती बरबाद. पुन्हा केलं. या वेळी दुसऱ्याच ठिकाणी अक्षर गळालेलं. पुन्हा केलं. तिसऱ्याच ठिकाणी मोडलेलं. सर म्हणाले जीनची नक्कल काढताना चुका होताहेत. तिनं नक्कल काढायची रसायनं बदलली, पाणी बदललं, जीवाणूंची जात बदलली, माझी पिपेट वापरून बघितली, मला न विचारता. फरक शून्य. दर वेळी प्लेटवर तशाच गुबगुबीत कॉलन्या आणि दर वेळी आतला जीन लुळा.

संध्याकाळी घरी गेली की अप्पा विचारायचे, “आलं का?” ही म्हणायची, नाही. मग ठरलेला दुसरा प्रश्न, कुठली उचललीस? टपोरी, अप्पा. बारकीला हात नाही ना लावलास? नाही, अप्पा. रोजचं हे ‘आलं का’ आणि ‘नाही आलं’ ऐकून शेजारणीला वाटत होतं की यांचं कुठलं तरी पार्सल हरवलंय. वहिनी मला सांगून खदखदा हसली, आणि मग म्हणाली, ताई, मला वन्संची काळजी वाटते हो, त्या झोपेतसुद्धा पाय हलवतात.

काळजी करण्यासारखंच होतं. वरून एक समिती येणार होती, कुठलं काम ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं ते ठरवायला. सरांनी भिंगरीला बोलावून नीट शब्दांत सांगितलं. समिती यायच्या आत गांडुळाचं प्रथिन दिसलं तर ठीक, नाहीतर हे काम बंद, आणि तिची बदली स्टोअरमध्ये. स्टोअरवाले काका निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी कुणीतरी हवंच होतं. सर वाईट नव्हते. त्यांना वाटलं चांगली सुखाची जागा देतोय.

आमचं स्टोअर तळघरात आहे. एक जाळीची खिडकी, आत एक खुर्ची. माणसं येतात, हातमोजे मागतात, काचसामान मागतात, आतल्यानं हात लांब करून द्यायचं. हात पोचेल अशाच बेतानं सगळं मांडलेलं आहे, उठायची गरजच पडत नाही. काका भला माणूस. तो भिंगरीला मुद्दाम आत घेऊन गेला, खुर्ची दाखवली, म्हणाला, पाठीला त्रास होतो बाई, मी माझी उशी ठेवून जाईन तुमच्यासाठी. ती वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं कुणी गेलं की काय. ती म्हणाली, “खिडकीसुद्धा आहे गं तिथे.”  मी तिच्या हातात धुवायच्या बाटल्या दिल्या, कारण निदान त्यासाठी मोरीपर्यंत चालावं लागतं.

त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी धाप लागते. ती चार-चार प्रयोग एकदम लावायची. एक ठेवायची, दुसरा उचलायची, मधेच तिसऱ्याकडे धावायची. माझ्या कोपराला धक्का, माझ्या कागदावर पाणी. इन्क्युबेटरचं दार तर एवढ्यांदा उघडायची की बिजागरी कुरकुरायला लागली. मी एकदा चिडून म्हटलं, त्या दाराला तुझ्या पायाची दोरी बांध, म्हणजे तुझं येणं-जाणं तरी वाचेल. तिला ते ऐकूही गेलं नाही. तिच्याकडे बघून माझ्यासारखा ठोकळाही सारखा घड्याळाकडे बघायला लागला आणि त्याचाच मला जास्त राग आला.

समिती तोंडावर आली असताना एका दुपारची गोष्ट. तिच्या सकाळीच टपोऱ्या कॉलन्या उचलून झाल्या होत्या. प्लेटा तशाच आत राहिल्या होत्या, म्हणजे वेळेवर काढून टाकायच्या ते राहूनच गेलं होतं. मी आवराआवर करत होते. दिसल्या तशा उचलल्या आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या, वाफेच्या भट्टीत घालायला. भिंगरी आली, सवयीनं दार उघडलं, आत काही नाही. लगेच पिशवीत हात घातला.

मी म्हटलं, अगं शी, काय करतेस? तिनं ऐकलं नाही. एक प्लेट काढून खिडकीपाशी नेली आणि उजेडाकडे तिरकी धरली. आणि मग अशी गोष्ट झाली की मी घाबरलेच. तिचा पाय हलायचा थांबला.

“इकडे ये,” ती म्हणाली. “या सकाळी नव्हत्या. मघाशी बघितलं तेव्हाही नव्हत्या.”

मी बघितलं. टपोऱ्या कॉलन्यांच्या मधून कुठे कुठे अगदी सुईच्या टोकाएवढे ठिपके उमटले होते. मी म्हटलं, बारक्या आहेत त्या. टाक.

“बारक्या आहेत. पण कुणाच्या भोवती आहेत ते बघ.”

मी चष्मा सारखा केला. फुकट्या नेहमी थोरलीभोवती गोल करून बसतात. या तशा नव्हत्या. एक इथे, एक तिथे. एक तर पार काठाला, तिच्या आसपास थोरली औषधालाही नाही. कुणाच्या आसऱ्यानं जगली ती? आणि मग दोघींच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला असावा, कारण आम्ही दोघींनी एकदमच इन्क्युबेटरच्या दाराकडे बघितलं. पट्टी अँपिसिलिनच्या दिवसांतली. कॅनामायसिन तसं नाही. त्यापासून वाचणारी कॉलनी स्वतःपुरतीच वाचते, शेजारचं औषध ती संपवत नाही, त्यामुळे कॅनामायसिनच्या प्लेटवर फुकट्यांना थाराच नसतो. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहिलंय आम्ही. पण हाताला कुणी सांगितलं नव्हतं. कड्यावरचं औषध बदललं आणि हात मात्र अप्पांच्या नियमानं चालत राहिला.

मग बाकीचंही आपोआप उलगडलं. सरांचं ते पक्कं बटण तितकंसं पक्कं नव्हतं. बंद केलेल्या नळासारखं थोडं थोडं ठिबकतच होतं. ज्या जीवाणूच्या पोटात जीन धड होता त्याला ते थेंबथेंब विषही सोसावं लागत होतं, म्हणून तो जेमतेम जगत होता, उशिरा आणि बारका. ज्याचा जीन मोडला त्याला कसला त्रास? तो खाऊन पिऊन गुबगुबीत झाला. आणि आम्ही एवढे दिवस नेमके तेच उचलत होतो, आणि ही सोसणारी बिचारी वर येण्याआधीच प्लेट पिशवीत जात होती. मला इतकी चीड आली की मी पिशवीला लाथ मारली.

भिंगरीनं काडी घेतली आणि प्लेटवर धरली. काडी थरथरायला लागली. तिनं हात बदलला, श्वास रोखला, तरी तेच. शेवटी तिनं काडी माझ्यापुढे केली.

“तू उचल. माझ्यानं नाही व्हायचं.”

मी स्टूल ओढलं, बूड टेकवलं, कोपर टेबलावर रोवलं आणि ती काठावरची एकटी कॉलनी अलगद उचलली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या बसण्याला नावं ठेवली नाहीत.

अक्षरं वाचून आली, जीन सगळा धड. पण आता खरी परीक्षा. हे जीवाणू अशक्त, त्यांना घाईत वाढवलं की जीन मोडून मोकळे होणार. म्हणून पाण्यात साखर घालायची, त्यानं बटणाचं ठिबकणं आटोक्यात राहतं, आणि हलवणाऱ्या यंत्रात, थंडाव्यात सावकाश हलवत ठेवायचं. झाकण उघडलं की हलवणं थांबतं आणि थंडावाही जातो. म्हणजे उघडायचं नाही. हे कुणाला सांगायचं, तर भिंगरीला! मी स्टूल घेऊन सरळ त्या यंत्रापुढे ठिय्या दिला. ती आली की मी नुसती बघायची. ती परत फिरायची. जिना खाली, जिना वर, गच्ची, पुन्हा जिना. एकदा येऊन काकुळतीनं म्हणाली, नुसता हात लावते, बाहेरून. लाव, म्हटलं. तिनं यंत्रावर तळहात ठेवला, जरा वेळ त्याची थरथर घेत उभी राहिली आणि निघून गेली. 

शेवटी जीवाणू पुरेसे वाढले. तिनं बटणाची पूड घातली, आणखी वाट बघितली, आणि जीवाणू फोडून त्यांचा रस जेलवर चढवला. जेल म्हणजे एक पातळ, काचेसारखी चकती. तीत एकेक प्रथिन आपापल्या वजनाप्रमाणे आपापल्या जागी थांबतं, आणि निळ्या रंगात बुडवली की तिथे रेघ दिसते. पण आधी सगळी चकतीच निळी होते. रंग हळूहळू धुवून काढावा लागतो, तेव्हा कुठे रेघा वर येतात. भिंगरी तो ट्रे हातात घेऊन उभी, पाळण्यातल्या पोराला झुलवावं तशी झुलवत होती. निळं पाणी ओतलं, नवं घातलं. पुन्हा ओतलं. आणि जिथे यायला हवी होती तिथे, अगदी नेमक्या जागी, जाडजूड निळी रेघ वर आली.

 भिंगरीनं ट्रे माझ्या हातात दिला आणि ती खिडकीकडे तोंड करून रडली. मीही रडले, पण ट्रे हलू दिला नाही.

सर आले, त्यांनी चष्मा कपाळावर नेला, परत डोळ्यांवर आणला. समितीला काय दाखवायचं याचा प्रश्नच मिटला, स्टोअरसाठी दुसरं माणूस बघतो म्हणाले. मग आमच्याकडून सगळी हकिकत ऐकल्यावर इन्क्युबेटरच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, मग ती पट्टी आधी काढा. भिंगरी पटकन म्हणाली, राहू द्या. 

संध्याकाळी ती मला ओढतच घरी घेऊन गेली. जिना चढताना मला दोन-तीनदा बजावलं की अप्पांसमोर बारक्यांचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, मला काय पडलंय. अप्पा खुर्चीत होते. आमच्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं असणार, पण रीत म्हणून विचारलं.

“आलं का?”

“आलं, अप्पा.”

अप्पांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. वहिनी आतून धावत आली. अप्पांनी डाव्या हातानं भिंगरीचा हात धरला, रेघ किती जाड, किती वर, सगळं विचारून घेतलं. आणि मग, रोजच्या सवयीनं, दुसरा प्रश्न.

“कुठली उचललीस?”

 भिंगरीनं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं. खोटं बोलायला फार सोपं होतं आणि मला वाटतं ती बोलणारही होती. पण अप्पांनी तिचा हात धरलेला होता.

“बारकी,” ती म्हणाली.

मग तिनं सगळं भडाभडा सांगून टाकलं. कॅनामायसिन, ठिबकणारं बटण, कुणाच्याच भोवती नसलेली ती काठावरची कॉलनी. आणि तुमचा नियम बरोबरच होता अप्पा, तुमच्या वेळी अँपिसिलिन होतं, त्या फुकट्याच होत्या, हे तर तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. अप्पा ऐकत होते. त्यांचा धड असलेला डावा पाय खुर्चीच्या पायावर हलकेच टकटक करायला लागला होता. मी तो पाय ओळखला.

“ती चष्मेवाली पोर आठवते तुला?” अप्पांनी विचारलं. आम्ही नव्या होतो तेव्हा एक मुलगी होती. तिचंही एक प्रथिन कधी आलंच नाही. फार झटली आणि शेवटी रडत सगळं सोडून गेली, पुन्हा या क्षेत्राकडे फिरकली नाही. “तिच्या प्लेटा रोज मी टाकायचो. वेळेवर.”

“अप्पा, ते अँपिसिलिन होतं. त्या सगळ्या फुकट्या होत्या.”

“सगळ्या?”

 कोण सांगणार? त्या प्लेटा केव्हाच वाफेच्या भट्टीतून जाऊन मातीत मिसळल्या. मला त्या म्हाताऱ्याची इतकी दया आली की मी उगीचच वहिनीला म्हटलं, पाणी आण गं. वहिनीनं आणलं. अप्पांनी ते घेतलं नाही. ते खिडकीतून बाहेर बघत होते, पाय चालूच होता. मग एकाएकी वहिनीकडे वळून म्हणाले,

“माझे बूट कुठे आहेत?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी येऊन टेकले न टेकले तोच कॉरिडॉरमध्ये काठीचा आवाज. भिंगरी एका बाजूनं, काठी दुसऱ्या बाजूनं, मध्ये अप्पा, माळ्यावर राहून कडक झालेले बूट घालून. जिना चढून घामानं निथळत होते. दारात जमलेल्या नव्या पोरांनी त्यांच्या वाकड्या पायाकडे बघितलं, अप्पांनी त्यांना बघू दिलं. सर धावत आले, नमस्कार केला आणि घाईघाईनं कुठून तरी खुर्ची आणवली. नेमकी स्टोअरची, उशीसकट. अप्पा, आधी टेका जरा, दमलात.

अप्पांनी खुर्चीकडे बघितलंही नाही.

“बसलो पुष्कळ,” ते म्हणाले, आणि इन्क्युबेटरपाशी जाऊन काठी भिंतीला टेकवली, दार उघडलं. पट्टी त्यांच्या नाकासमोर होती. ती वाचून त्यांनी डावा हात आत घातला, एक प्लेट काढली आणि उजेडाकडे धरली. ती त्यांच्या हातात थरथरत होती, म्हणून भिंगरीनं खालून आधार दिला. तिचाही हात थरथरत होता. मग मी उठले.